संकष्टीला कुलाबा किल्ला

१७ डिसेंबर, मंगळवार. संध्याकाळी तीन नारळ फोडून खवायला बसले. एकवीस मोदकांना दोन नारळ पुरतात, पण आमच्या घरात सारण गॅसवरून उतरल्यावर येणारा-जाणारा वाटीभर खाऊन जातो, म्हणून तिसरा.

मोदक माझ्या नवसाचे नव्हते. मी नवस करत नाही. काम होण्यासारखं असेल तर करून टाकते, नसेल तर सोडून देते. नवस होता मोठ्या जाऊबाईंचा. तीन वर्षांपूर्वी त्यांचा मुलगा मालवाहू बोटीवर नोकरीला होता. मध्ये बरेच दिवस त्याचा फोन लागेना आणि टीव्हीवर वादळाच्या बातम्या. तेव्हा जाऊबाईंनी कुलाबा किल्ल्यातल्या गणपतीला सांगितलं, पोर धड घरी येऊ दे, मी वाळूतून पायी येऊन एकवीस मोदक ठेवीन. पोर आलं. फोन पाण्यात पडला होता, एवढंच झालं होतं. नंतर त्याने बोट सोडली, लग्न केलं, पोट सुटलं. नवस मात्र राहून गेला. आधी पावसाळा, मग सुतक, मग जाऊबाईंचा गुडघा.

गुडघ्याचं ऑपरेशन पुढच्या सोमवारी मुंबईला ठरलं होतं. एकदा मिळालेली तारीख त्यांनी आधीच घालवली होती. ही गेली असती तर पावसाळ्याशिवाय दुसरी मिळणार नव्हती, आणि तोवर त्यांना पडवीची पायरी उतरायला दोन माणसं लागली असती. आत्ताच न्हाणीपर्यंत भिंत धरून जात होत्या. तरी त्यांचं एकच पालुपद: "नवस अंगावर घेऊन मी त्या टेबलावर झोपणार नाही. भूल दिल्यावर काय उत्तर देऊ देवाला?"

"भूल दिल्यावर कोणी उत्तर मागत नाही, वहिनी," मी म्हटलं. उपयोग झाला नाही. म्हणून बुधवारी संकष्टीला नवस फेडून टाकायचा आणि सोमवारच्या आधी त्यांना मुंबईला पोचवायचं, असं मी ठरवलं.

चौलजवळ आमची नारळ-सुपारीची वाडी आहे. त्यातल्या दोन खोल्या आम्ही पाहुण्यांना देतो. त्या आठवड्यात पुण्याच्या एक बाई आल्या होत्या. बँकेतून नुकत्या निवृत्त झालेल्या, एकट्या, पाठीवर सॅक, डोक्यावर टोपी. किल्ले आणि राजवाडे बघायला निघाल्या होत्या. नवरा घरी क्रिकेट बघत होता, त्यामुळे दोघंही सुखात आहेत असं त्यांनीच सांगितलं.

सगळे पाहुणे मला विचारतात, काकू, यातला कुठला किल्ला बघण्यासारखा आहे? माझं उत्तर ठरलेलं आहे. तोफा आणि बुरूज कुठेही दिसतात. आत गेल्यावर पाणी कुठून येत होतं ते बघा, मग किल्ला कळतो. जंजिऱ्याला चारी बाजूंनी खारं पाणी आणि आत गोड्या पाण्याचे दोन तलाव. एवढी माणसं त्या भिंतींच्या आत जेवत होती, धूत होती, पोरं वाढवत होती, ती त्या पाण्यावर. राजपुरीहून शिडाच्या होडीने नेतात. होडीवाला घाई करतो, त्याच्याकडे लक्ष द्यायचं नाही, आधी तलाव बघायचा आणि मग तोफेजवळ फोटो काढायचा. कोर्लईच्या किल्ल्यावर संध्याकाळी जायचं. एका अंगाला खाडी, दुसऱ्या अंगाला समुद्र, आणि चढ असा की चहाची किंमत कळते. रेवदंड्याला किल्ला शोधत बसायचं नाही, कारण तुम्ही त्याच्या आतच असता. तटाच्या आत वाड्या आहेत, घरं आहेत, दोऱ्यांवर कपडे वाळत असतात. मला तोच सगळ्यात शहाणा किल्ला वाटतो, रिकामा पडला नाही.

पुण्याच्या बाई सोमवारी जंजिरा करून आल्या होत्या आणि वाटेत मुरूडला नवाबाचा राजवाडा. तो खाजगी आहे, आत सोडत नाहीत, रस्त्यावरून बघावा लागतो. त्याचीच त्यांना हळहळ.

"आतून बघायला मिळाला असता तर मजा आली असती हो."

"आतून काय, झुंबरंच ना? बाहेरून चांगला दिसतो. कमानी, घुमट, समोर अख्खा समुद्र. मी तर दर वेळी खिडक्या बघते आणि म्हणते, या पुसायला किती माणसं लागत असतील? खाऱ्या वाऱ्याने काच दोन दिवसांत आंधळी होते."

"तुम्हाला राजवाड्यात राहणं जमलं नसतं," त्या म्हणाल्या.

"राहिले असते. अर्ध्या खोल्या बंद ठेवल्या असत्या."

मी खवणीवर आणि त्या समोर पाटावर, असं आमचं चाललं होतं. तेवढ्यात थोरले दीर, जाऊबाईंचे यजमान, आले. वय सत्तरच्या पुढे, उंच, आवाज मोठा. कुलाब्याचा किल्ला अलिबागच्या किनाऱ्यासमोर पाण्यात आहे, आणि ओहोटीला वाळू उघडी पडली की चालत जाता येतं. त्यामुळे उद्या निघायचं कधी, हे समुद्र ठरवणार, आणि आमच्या घरात समुद्राच्या वतीने भाऊजी बोलतात.

त्यांचा हिशोब आमच्या किनाऱ्यावर सगळ्यांना माहीत असलेला, तिथीच्या पाऊणपटीचा. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, त्या वाजता पूर्ण भरती. तिच्या सहा तास अलीकडे-पलीकडे ओहोटी. भाऊजींनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघितलंसुद्धा नाही.

"उद्या संकष्टी. म्हणजे चतुर्थी. चाराची पाऊणपट तीन. दुपारी तीनला भरती, सकाळी नऊला ओहोटी. त्याच्या आधी दोन तास आणि नंतर दोन तास आरामात चाला. साडेनवाला किनाऱ्यावर पोचलो तरी राजासारखे जाऊ."

पुण्याच्या बाईंनी फोन काढला. "इथे तर आठच्या सुमाराला ओहोटी दाखवतंय."

"फोनला काय कळतंय? तो समुद्रात उतरलाय का कधी?"

"तुमच्या मुलाचा उतरला होता," मी म्हटलं. जाऊबाई आतून हसल्या. भाऊजींनी ऐकलं नाही असं दाखवलं. आणि खरं सांगायचं तर त्यांचा हिशोब आजवर चुकल्याचं कोणाला आठवत नव्हतं. मी सारण गॅसवर ठेवलं.

सकाळी मोदक उकडून डब्यात भरून मी साडेसातला तयार होते. पण घाई कोणालाच नव्हती, कारण वेळ भाऊजींनी ठरवली होती. त्यांनी दुसरा चहा मागितला. जाऊबाईंनी नवसाची म्हणून ठेवणीतली साडी काढली, ती नेसायला वेळ लागला, मग ती पाण्यात खराब होईल म्हणून सोडून दुसरी नेसल्या. सहा आसनी मिनिडोअर रिक्षा केली होती, तिचा ड्रायव्हर वाटेत डिझेल भरायला थांबला. अलिबागच्या किनाऱ्यावर उतरलो तेव्हा दहा वाजत आले होते.

किल्ला समोर होता, दरवाजा स्पष्ट दिसत होता. मधली वाळू मात्र निम्मीच राहिली होती. तिच्यापलीकडे पाणी चमकत होतं आणि शाळेची एक सहल चपला हातात घेऊन किल्ल्याकडून परत येत होती. परत, तिकडे जात नव्हती. मला तेव्हाच कळलं.

किनाऱ्यावर टांगेवाले उभे असतात, ते पाण्यातूनही लोकांना किल्ल्यात नेतात. एक जण पुढे आला.

"चला आजी, बसा. पानी फिरलाय कवाच."

"फिरलं म्हणजे? नवाला ओहोटी होती," भाऊजी म्हणाले.

"नवाला? आठलाच झाली की."

पुण्याच्या बाई फोन पिशवीत टाकून समुद्राकडे बघत राहिल्या. फोन कोणापुढे धरला नाही, हे त्यांचं मोठेपण. जाऊबाई मात्र चपला काढताना मध्येच थांबल्या आणि कपाळावर हात मारला.

"अहो, संकष्टी चंद्रोदयाला धरतात! चंद्र उगवताना चतुर्थी असली की झालं. सकाळी अजून तीजच असणार. मी वर्षानुवर्षं उपास करतेय, मला नाही सुचलं, आणि तुम्हालाही नाही?"

भाऊजींचे ओठ हलले. तिनाची पाऊणपट सव्वादोन. ओहोटी सव्वाआठला. संकष्टी म्हणजे सकाळपासून चतुर्थी, असं त्यांनी धरलं होतं. त्यातून आम्ही राजासारखे उशिरा निघालो होतो.

"पाऊण तासाचा तर फरक," ते म्हणाले.

"पाऊण तास आणि दोन चहा," जाऊबाई म्हणाल्या.

आता प्रश्न उरला, जायचं की नाही. उद्या परवा यायचं म्हटलं तरी जाऊबाईंना पुन्हा इथवर आणायला त्यांचा गुडघा तयार होईल याची खात्री नव्हती, आणि शनिवारी मुंबईला निघायचं होतं. टांग्यातून जाता आलं असतं, पण नवस पायी होता. भाऊजी म्हणाले, टांग्यातून जाऊ, देव समजून घेईल. जाऊबाई म्हणाल्या, देव समजून घेईल, मला समजणार नाही, आणि मग सोमवारी तुम्हीच झोपा त्या टेबलावर.

मी पाण्याकडे बघितलं. सहलीतली शेवटची पोरं पोटरीभर पाण्यातून येत होती. मी टांगा ठरवला, रिकामा, आमच्या बाजूने चालवायचा. आणि जाऊबाईंना सांगितलं, "पायी चला. पण पाणी गुडघ्याला लागलं की टांग्यात बसायचं."

"कोणाच्या गुडघ्याला?"

"तुमच्या. ऑपरेशन त्याचंच आहे."

टांगा रिकामा राहिला नाही. भाऊजी मोदकांचा डबा घेऊन वर चढून बसले. "मी मोदक सांभाळतो."

"सांभाळा," जाऊबाई म्हणाल्या. "निदान ते तरी वेळेत पोचतील."

मी एका बाजूला, पुण्याच्या बाई दुसऱ्या बाजूला, मध्ये जाऊबाई साडी वर खोचून. ओल्या वाळूत पाय बरा पडत होता. पाणी घोट्याला लागलं, मग पोटरीला. टांगेवाला घोड्याला आमच्या चालीने चालवत होता आणि घोड्याला ते पटत नव्हतं. अर्ध्याच्या पुढे गेल्यावर तळ अचानक खाली गेला आणि एक लाट जाऊबाईंच्या मांडीला आपटली.

"वहिनी, गुडघा."

"लाट होती ती. लाट धरायची नाही."

लाट गेली. पाणी गुडघ्याच्या वरच राहिलं. मी टांगेवाल्याला थांबायला सांगितलं. जाऊबाई मला सोडून नीट उभ्या राहिल्या. चेहरा लाल झालेला.

"हे बघ, तू ठरवलंस, मी हो म्हटलं नव्हतं. आता चढले तर नवस फिटला नाही. फिटला नाही तर मी मुंबईच्या बोटीत पाऊल ठेवणार नाही. तुला काय करायचं ते कर."

पुण्याच्या बाई माझ्याकडे बघत होत्या. मी मागे बघितलं, पुढे बघितलं. किनारा लांब होता आणि किल्ल्याचे दगड जवळ. परत फिरायचं म्हटलं तर जास्त पाणी तुडवावं लागलं असतं. टांग्याच्या मागे फळी होती, पाय ठेवून चढायची. मी जाऊबाईंचा हात त्या फळीवर ठेवला.

"घट्ट धरा. घोडा ओढेल, तुम्ही चाला. पाय जमिनीला लागले म्हणजे झालं. हात कुठे ठेवायचे हे नवसात नव्हतं."

त्यांनी क्षणभर विचार केला. "नव्हतं," त्या म्हणाल्या.

आम्ही निघालो. मी त्यांच्या कमरेला पदर गुंडाळून तो मुठीत धरला होता. पाणी मांडीपर्यंत आलं आणि त्यांची चाल चक्क सुधारली. अर्ध्या वजनाने चालत होत्या. किल्ला जवळ आला तशा बोलू लागल्या.

"अगो, दुखतच नाही! बघ की. इतक्या महिन्यांत अशी चालले नाही मी."

"पाण्यात वजन हलकं होतं म्हणून," पुण्याच्या बाई म्हणाल्या.

"मग रोज समुद्रात चालेन. ऑपरेशन कशाला? आमच्या दारात आहे समुद्र."

नवस फिटत होता आणि त्याच्याबरोबर ऑपरेशनही फिटायच्या बेतात होतं. टांग्यातून भाऊजी उत्साहाने म्हणाले, "खारं पाणी सांध्यांना चांगलंच असतं." त्या दिवशी मी त्यांच्याकडे पहिल्यांदाच डोळे वटारून बघितलं. ते मोदकांच्या डब्याकडे बघू लागले.

उथळ पाणी आलं, दगड आले, आम्ही दरवाजाशी पोचलो. पायी. जाऊबाईंनी फळी सोडली, दोन्ही हात जोडले आणि पहिल्या पायरीवर पाय टाकला. दुसरी चढल्या. तिसरीवर बसल्या. पाण्यातून बाहेर आल्यावर वजन सगळं परत आलं होतं. त्यांनी गुडघ्यावर हात फिरवला, ओली साडी पिळली, मला हात मागितला आणि उठल्या. पुन्हा समुद्रात चालण्याची गोष्ट काढली नाही. मीही काढली नाही.

पुण्याच्या बाईंचं तोवर दरवाज्याकडे लक्ष गेलं होतं. तिथे कोरीव काम आहे, हत्ती, मोर, फुलं. त्या फोटो काढत सुटल्या. मी त्यांना तट दाखवला. दगडावर दगड नुसते रचलेत, मध्ये चुना नाही. लाट आपटते आणि पाणी फटींतून शिरून निघून जातं, भिंत ढकलली जात नाही. महाराजांच्या काळातलं काम. एवढा समुद्र रोज दोनदा अंगावर घेऊन उभं राहायचं तर ताठ राहून चालत नाही, असं पुण्याच्या बाई म्हणाल्या. मी म्हटलं, असेल, पण दगडही चांगले मोठे लागतात.

गणपतीच्या देवळात गर्दी होती, संकष्टी असल्यामुळे. पुजाऱ्यांनी मोदक देवापुढे ठेवले. जाऊबाईंना राहवलं नाही, त्यांनी त्यांना सगळं सांगितलं, टांग्याची फळी धरल्याचंसुद्धा.

"चालेल ना हो, गुरुजी?"

"बाई, लोक इथे फोनवरून नवस फेडतात," गुरुजी म्हणाले. "तुमची साडी कमरेपर्यंत भिजलीय. आणखी काय पाहिजे?"

मग आम्ही गोड्या पाण्याच्या पुष्करणीच्या काठावर बसलो. भाऊजींनी पुण्याच्या बाईंना पार टोकापर्यंत नेऊन चाकांच्या गाड्यावरच्या तोफा दाखवल्या. चूक झाल्यावर माणूस चांगला वाटाड्या होतो. त्या दिवशी त्यांनी जे माहीत नव्हतं ते "माहीत नाही" म्हणून सांगितलं, असं बाई नंतर म्हणाल्या. आम्ही दोघींनी उन्हात पाय पसरले. जाऊबाई उपासाचे शेंगदाणे खात होत्या, मी भाकरी. शेंगदाणे संपल्यावर त्यांनी हात झटकले. मग म्हणाल्या,

"सोमवारी किती वाजता बोलावलंय?"

"रविवारी दुपारीच दाखल व्हायचंय. ऑपरेशन सोमवारी सकाळी."

"दुसऱ्या गुडघ्याचं पण एकदमच करतात का?"

"विचारते."

"विचार. दोनदा कोण जाणार?"

परत यायला मोटरबोट मिळाली, दुपारी भरती चढल्यावर. जाण्याचा नवस पायी होता, येण्याबद्दल काही बोललेलं नव्हतं, हे जाऊबाईंनी बोटीत बसताना दोनदा सांगितलं. ज्या जागी सकाळी आम्ही चाललो होतो तिथे आता बोट डुलत होती. पुण्याच्या बाईंनी मला विचारलं, जंजिरा चांगला की कुलाबा? मी म्हटलं, जंजिरा मोठा. कुलाब्याला वेळ बघून जावं लागतं. भाऊजी त्यांच्या पलीकडे बसले होते. ते म्हणाले, "फोनवर."

रात्री चंद्र उगवल्यावर जाऊबाईंनी उपास सोडला. प्रसादाचे मोदक परत आणले होते, ते सगळ्यांनी मिळून संपवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला हॉस्पिटलला फोन केला. तारीख पक्की आहे का विचारलं. आहे म्हणाले. दोन्ही गुडघ्यांचं विचारलं, तर एक झाल्यावर दुसऱ्याचं डॉक्टर ठरवतील म्हणाले. मग शनिवारची मांडव्याहून मुंबईच्या बोटीची तीन तिकिटं काढली, आणि जाऊबाईंच्या खोलीत जाऊन त्यांची बॅग भरायला घेतली. मी आत चार गाऊन ठेवले. त्या म्हणाल्या, गाऊन घालून मी परक्या लोकांसमोर बसणार नाही. मग दोन साड्याही ठेवल्या.